लकी लुचियानोला शिक्षा झाली, पण त्याच्यापर्यंत पोचणारा धागा शोधला होता युनिस कार्टर या वकीलबाईंनी

१ फेब्रुवारी १९३६. शनिवारची रात्र. न्यूयॉर्कमधल्या दीडशेच्या आसपास पोलिसांना अचानक ड्युटीवर बोलावण्यात आलं. कुठे जायचंय, कशासाठी जायचंय, काहीच सांगितलेलं नव्हतं. जोड्या लावताना एकमेकांशी ओळख नसलेले पोलीस मुद्दाम एकत्र टाकले होते. प्रत्येकाच्या हातात एक बंद पाकीट होतं आणि ते ठरलेल्या वेळेआधी उघडायचं नव्हतं. आणखी गंमत म्हणजे शहरात वेश्याव्यवसायाविरुद्ध कारवाई करण्यासाठी जे खास पोलीस पथक होतं, त्यातल्या कोणालाच या कारवाईत घेतलं नव्हतं. कारण त्या पथकाला कळलं असतं, तर पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या शहराला कळलं असतं.

पाकिटं उघडली तर आत पत्ते होते. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमधल्या कुंटणखान्यांचे. त्या रात्री एकाच वेळी डझनावारी ठिकाणी धाडी पडल्या आणि शंभराहून जास्त लोकांना उचलण्यात आलं. बहुतेक बायका होत्या. त्यांना आणलं गेलं वूलवर्थ बिल्डिंगमध्ये, म्हणजे एका बड्या ऑफिसांच्या इमारतीत, आणि तिथे त्यांची वाट बघत होते सरकारी वकील.

या धाडीचं श्रेय पुढे थॉमस ड्युई यांना मिळालं. ड्युई त्या जोरावर न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, दोनदा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. पण या सगळ्याची सुरुवात ज्यांच्या डोक्यातून झाली, त्या होत्या ड्युईंच्या ऑफिसातल्या एक कृष्णवर्णीय वकीलबाई. वीस वकिलांच्या त्या टीममधल्या एकुलत्या एक महिला आणि एकुलत्या एक कृष्णवर्णीय.

नाव, युनिस हंटन कार्टर.

युनिस यांचा जन्म १६ जुलै १८९९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरातला. पण गोष्ट सुरू करायची तर त्यांच्या आजोबांपासून करायला हवी. स्टँटन हंटन हे व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. त्यांनी पैसे मोजून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं आणि कॅनडातल्या चॅटम गावात जाऊन घर केलं. स्वतःची किंमत स्वतःच भरून मोकळा झालेला माणूस. त्यांची नात पुढे माणसांच्या बाजारावर खटला उभा करणार होती, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराने लिहिला असता तर वाचकांनी त्याला नावं ठेवली असती.

वडील विल्यम हंटन हे वायएमसीए या संस्थेत पूर्णवेळ काम करणारे पहिले कृष्णवर्णीय अधिकारी. कृष्णवर्णीय तरुणांसाठी त्यांनी देशभर शाखा उभ्या केल्या. आई अॅडी हंटन तर त्याहून खमकी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सुमारे दोन लाख कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते आणि त्यांच्या मदतीसाठी ज्या मोजून तीन कृष्णवर्णीय बायका तिकडे गेल्या, त्यातल्या अॅडी एक होत्या. परत आल्यावर त्यांनी त्यावर सहलेखिकेबरोबर पुस्तकही लिहिलं.

१९०६ साली अटलांटात वंशद्वेषाची भीषण दंगल झाली. गोऱ्यांच्या झुंडी रस्त्यावर उतरल्या आणि कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारलं. युनिस तेव्हा सात वर्षांची होती. हंटन कुटुंबाने शहर सोडलं आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला मुक्काम हलवला. लहानपणीच युनिसने आपल्याला वकील व्हायचंय असं सांगितलं होतं, कशासाठी तर वाईट माणसांना तुरुंगात पाठवण्यासाठी, अशी आठवण घरात सांगितली जाते. मोठ्या माणसांच्या लहानपणाच्या अशा आठवणी जरा मीठ लावूनच घ्याव्यात, पण इथे मुलीने जे पाहिलं होतं ते बघता ती अगदीच अशक्य वाटत नाही.

शिक्षणात युनिस हुशार. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजातून १९२१ साली त्या बाहेर पडल्या तेव्हा हातात दोन पदव्या होत्या, बीए आणि एमए, आणि दोन्ही मिळून चारच वर्षांत. एमएच्या प्रबंधाचा विषय होता राज्य सरकारच्या कारभारात सुधारणा. त्यानंतर मात्र त्या काळातल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय बाईसमोर जे दोन-तीन रस्ते असायचे, त्यातलाच एक त्यांनी धरला. समाजसेवेचा. गरीब कुटुंबांच्या घरी जायचं, चौकशी करायची, मदत पोचवायची.

१९२४ साली त्यांनी लायल कार्टर या डेंटिस्टशी लग्न केलं. ते मूळचे बार्बाडोसचे, हार्लेममध्ये दवाखाना. पुढच्या वर्षी मुलगा झाला. हार्लेममध्ये तेव्हा साहित्य, संगीत, चित्रकला सगळ्याला बहर आला होता, ज्याला हार्लेम रेनेसाँ म्हणतात तो काळ. युनिसही त्यात होत्या. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मासिकात त्यांच्या कथा आणि पुस्तक परीक्षणं छापून येत होती. डॉक्टरीणबाई म्हणून आयुष्य आरामात गेलं असतं.

पण १९२७ साली, घरात दोन वर्षांचं पोर असताना, त्यांनी फोर्डहॅम लॉ स्कूलमध्ये नाव घातलं. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लेक्चर. मध्ये खंड पडला, पण १९३२ साली त्या पदवी घेऊनच बाहेर पडल्या. फोर्डहॅममधून कायद्याची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पुढे सनद मिळाली आणि हार्लेममध्ये छोटीशी वकिली सुरू झाली. १९३४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर राज्याच्या असेंब्लीची निवडणूकही लढवली आणि थोडक्यात हरल्या.

रिपब्लिकन हे वाचून आज काहींच्या भुवया उंचावतील. पण लिंकनचा पक्ष म्हणून जुन्या कृष्णवर्णीय कुटुंबांची निष्ठा तेव्हा तिकडेच होती. त्याच सुमारास रूझवेल्ट यांच्यामुळे हा मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकायला लागला होता. युनिस सरकल्या नाहीत, शेवटपर्यंत.

१९ मार्च १९३५ ला हार्लेम पेटलं. दुकानातून एक छोटा चाकू चोरला म्हणून एका सोळा वर्षांच्या मुलाला पकडलं होतं. त्याला मारून टाकल्याची अफवा उठली आणि लोक रस्त्यावर आले. खरं तर मुलगा जिवंत होता, पण राग चाकूचा नव्हताच, बेकारीचा आणि पोलिसांचा होता. महापौर ला गार्डिया यांनी कारणं शोधायला आयोग नेमला आणि त्याच्या सचिवपदी युनिस यांना बसवलं. त्यामुळे नाव शहरभर झालं.

आणि त्याच काळात त्या एका अशा कोर्टात काम करत होत्या, जिकडे नाव कमवायला कोणी जात नसे.

त्याला विमेन्स कोर्ट म्हणायचे. ग्रीनिच व्हिलेजमध्ये, जेफरसन मार्केटच्या जुन्या इमारतीत ते भरायचं. वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली पकडलेल्या बायका इथे आणल्या जायच्या. ज्युरी नाही, फार युक्तिवाद नाही. पोलिसाने साक्ष द्यायची आणि मॅजिस्ट्रेटने निकाल द्यायचा. काही वर्षांपूर्वीच न्यायमूर्ती सॅम्युअल सीबरी यांच्या चौकशीत याच कोर्टाची लक्तरं टांगली गेली होती. पोलीस, जामीनदार आणि वकील मिळून निरपराध बायकांना खोट्या केसमध्ये अडकवतात आणि सोडवण्याचे पैसे उकळतात, हे उघड झालं होतं. त्यानंतर काही जण घरी गेले, काही आत गेले आणि कोर्ट आपलं चालूच राहिलं.

सरकारी बाजूने इथे उभं राहायचं हे काम कोणालाच नको असायचं, म्हणून ते एका कृष्णवर्णीय बाईच्या वाट्याला आलं असणार. युनिस यांच्यासमोर रोज त्याच त्या केस यायच्या. बहुतेक सुटायच्या.

दुसरा कोणी असता तर त्याने फाइल बंद करून पुढची उघडली असती. युनिस यांनी मात्र सुटणाऱ्या बायकांकडे नीट बघायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की शहराच्या या टोकाला पकडलेली बाई असो की त्या टोकाला, तिच्या बाजूने उभा राहणारा वकील तोच असतो. जामीन भरणारा माणूसही ठरावीकच. बायकांची कहाणीसुद्धा पाठ केल्यासारखी एकच, मी तर बाहेरगावची, मैत्रिणीला भेटायला आले होते वगैरे. आणि साक्षीला उभा राहिलेला पोलीस नेमक्या मुद्द्यावर सगळं विसरायचा.

आता साधा विचार करा. आठवड्याच्या शेवटी जिच्या हातात जेमतेम काही डॉलर उरतात, तिला असला महागडा वकील परवडतो कसा? एक-दोघींना एखादा कनवाळू माणूस भेटला असं समजू, पण सगळ्यांना तोच?

याचा अर्थ एकच होता. मागे कोणीतरी एक संघटना होती आणि ती या बायकांच्या कमाईतून पैसे कापत होती. न्यूयॉर्कमध्ये माफिया दारूत होता, लॉटरीत होता, मासळी बाजारात आणि ट्रकवाल्यांच्या युनियनमध्ये होता, हे पोलिसांना आणि पेपरवाल्यांना माहीत होतं. वेश्याव्यवसायात मात्र माफिया हात घालत नाही, ते त्यांच्या इभ्रतीला शोभत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

युनिस यांनी हे सगळं मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी विल्यम डॉज यांच्या कानावर घातलं. डॉज हे टॅमनी हॉल या शहरातल्या जुन्या राजकीय टोळक्याच्या आशीर्वादाने निवडून आलेले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पण डॉज यांचेही दिवस भरत आले होते. त्यांच्याच ग्रँड ज्युरीने १९३५ साली बंड केलं. गुन्हेगारी टोळ्यांची खरी चौकशी होऊ दिली जात नाही, आम्हाला वेगळा सरकारी वकील द्या, अशी मागणी ज्युरीच्या सदस्यांनी थेट गव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांच्याकडे केली. लेहमन यांनी ते काम दिलं तेहतीस वर्षांच्या थॉमस ड्युई यांना. ड्युईंनी वीस वकील निवडले, वूलवर्थ बिल्डिंगमध्ये ऑफिस थाटलं, रेडिओवर भाषण करून लोकांना तक्रारी घेऊन येण्याचं आवाहन केलं.

त्या वीस जणांत युनिस होत्या. हार्लेममधल्या आकड्यांच्या जुगारावर, म्हणजे आपल्याकडच्या मटक्याच्या भावंडावर, डच शुल्ट्झ नावाच्या गुंडाने कब्जा केला होता. हार्लेमची नस ओळखणारं माणूस टीममध्ये हवं, हा ड्युईंचा हिशोब असावा. पण २३ ऑक्टोबर १९३५ ला शुल्ट्झलाच शेजारच्या न्यूअर्क शहरात एका हॉटेलात गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. ड्युईंचं सगळ्यात मोठं सावज हातचं गेलं.

इकडे ऑफिसात तक्रारींचा ढीग पडत होता. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर धंदा चालतो, रात्रभर माणसं येतात-जातात, पोलीस ऐकत नाहीत, असल्या तक्रारी. ड्युईंना त्यात शून्य रस. लोकांच्या चारित्र्यावर पहारा देणारा वकील अशी आपली प्रतिमा व्हावी असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. त्यांनी तो ढीग टीममधल्या एकमेव बाईकडे सरकवला.

युनिस यांनी तो ढीग वाचला. एकेक पत्र, एकेक पत्ता. विमेन्स कोर्टात जे दिसलं होतं ते आणि हे आता जुळायला लागलं. सहकारी मरे गुरफाइन यांना त्यांनी पटवलं आणि दोघांनी मिळून ड्युईंना. ड्युई लगेच तयार झाले नाहीत, बरंच समजवावं लागलं. शेवटी फोन टॅप करायची परवानगी मिळाली.

फोनवर जे ऐकू आलं त्यातून धंद्याचं पूर्ण चित्र उभं राहिलं. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण माणसांच्या व्यापाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड आणि बंद खोल्या येतात. इथे तसं फारसं नव्हतं. इथे हिशोबाच्या वह्या होत्या.

बायकांना कुंटणखान्यात पाठवणारे दलाल असायचे, त्यांना बुकर म्हणायचे. बाई एका ठिकाणी आठवडाभरच राहायची. पुढच्या आठवड्यात बुकर सांगेल त्या दुसऱ्या पत्त्यावर बॅग घेऊन जायचं. गिऱ्हाइकाला दर आठवड्याला नवा चेहरा आणि बाईची कुठेच कोणाशी ओळख होत नाही. तिच्या कमाईतले अर्धे पैसे मालकिणीचे. उरलेल्यातून दहा टक्के बुकरचे. मग राहण्या-जेवणाचे, मग डॉक्टरच्या तपासणीचे. आणि या सगळ्यावर आठवड्याला दहा डॉलर बाँडचे, म्हणजे पकडली गेलीस तर आम्ही जामीन आणि वकील देऊ याचा हप्ता. युनिस यांना कोर्टात दिसलेला तो वकील आणि तो जामीनदार याच पैशांवर चालत होते.

आधी हे बुकर स्वतंत्र धंदा करायचे. मग लिटल डेव्ही बेतीयो नावाच्या गुंडाच्या माणसांनी त्यांना एकेक करून गाठलं. हप्ता द्या, नाहीतर मरा. जी मालकीण पैसे द्यायला नकार देईल तिच्या घराची मोडतोड व्हायची, तिला मारहाण व्हायची. बायकांपैकी कित्येक जणी मॉर्फिन आणि हेरॉइनच्या व्यसनात होत्या, त्यामुळे त्यांना धरून ठेवायला कुलूप लागत नव्हतं. सोडून जायचं तर जायचं कुठे आणि उद्याचा डोस आणायचा कुठून? सगळं मिळून या धंद्याची उलाढाल वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलरच्या घरात असल्याचा त्या वेळचा अंदाज होता, तोही मंदीच्या काळात.

आणि बेतीयो ज्याचा माणूस होता त्याचं नाव चार्ल्स लुचियानो. लकी लुचियानो. माफिया घराण्यांवर एक समिती बसवून, गुन्हेगारीला कंपनीसारखं चालवायला शिकवलेला माणूस. राहायला वॉल्डॉर्फ अॅस्टोरियात, चार्ल्स रॉस या नावाने.

आता त्या शनिवारच्या रात्रीकडे परत या.

पकडलेल्या बायकांना पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. नेहमीचंच. सकाळपर्यंत जामीन होईल, वकील येईल, पाठ केलेली गोष्ट सांगायची आणि सुटायचं. पण या वेळी न्यायमूर्ती फिलिप मॅककुक यांनी जामिनाची रक्कम ठेवली दहा हजार डॉलर. एकेकीसाठी. शिवाय जामीनदार आणि बुकरही त्याच वेळी धरले गेले होते. एक दिवस गेला, दोन गेले, कोणीच आलं नाही. दर आठवड्याला दहा डॉलर भरून जो विमा काढला होता, तो गरजेच्या वेळी बुडाला होता.

बायका महिलांच्या तुरुंगात होत्या. व्यसन सुटताना होणारे हाल चालू होते. युनिस आणि त्यांचे सहकारी एकेकीशी बोलत बसले. आरोपी म्हणून तुम्ही आम्हाला नको आहात, साक्षीदार म्हणून हव्या आहात, हे पटवायला वेळ लागला. मग पहिली बोलली, मग दुसरी, आणि हळूहळू त्या सांगण्यात वरच्या माणसांची नावं यायला लागली. लुचियानोचंही.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. या बायकांना साक्षीसाठी आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवलं होतं आणि जामीन मुद्दाम परवडणार नाही असा ठेवला होता. एका साखळीतून सोडवण्यासाठी दुसरीत बांधलं, असं कोणी म्हटलं तर त्याला खोटं ठरवता येणार नाही. खटल्यानंतर यातल्या तीन साक्षीदारांनी आपली साक्ष दबावाखाली दिल्याचं सांगून ती मागेही घेतली. वरच्या कोर्टांनी ते मान्य केलं नाही आणि शिक्षा कायम राहिली. पण लुचियानो या धंद्यात नेमका किती खोल होता, की फक्त त्याच्या नावावर त्याची माणसं खात होती, यावर इतिहासकार अजूनही भांडतात.

लुचियानोला कुणकुण लागली आणि तो आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी निघून गेला. गुंडांचं हे आवडतं गाव. १ एप्रिल १९३६ ला त्याला तिथे पकडलं. स्थानिक मंडळी त्याला सोडायच्या बेतात होती, मग राज्य सरकारने पोलीस पाठवून त्याला ताब्यात घेतलं आणि तो न्यूयॉर्कला आला. त्याच सुमारास न्यूयॉर्कचा कायदाही बदलण्यात आला होता, एकाच कटातले अनेक गुन्हे एकत्र चालवण्याची मुभा देणारा. तो नसता तर प्रत्येक बाईसाठी वेगळा खटला चालवत बसावं लागलं असतं आणि लुचियानो म्हातारा होऊन मेला असता.

मे महिन्यात खटला उभा राहिला. आरोप होता जबरदस्तीच्या वेश्याव्यवसायाचा. ड्युईंनी ६८ साक्षीदार आणले, त्यातल्या सुमारे ४० बायका धंदा करणाऱ्या किंवा चालवणाऱ्या. लुचियानो स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, ही त्याची मोठी चूक. ज्या गुंडांना मी ओळखतही नाही असं तो म्हणाला, त्यांच्याशी झालेल्या संपर्काच्या फोनच्या नोंदी ड्युईंनी समोर ठेवल्या. ७ जून १९३६ ला ज्युरीने त्याला ६२ आरोपांत दोषी ठरवलं. शिक्षा झाली किमान तीस आणि जास्तीत जास्त पन्नास वर्षांची. पाच वर्षांपूर्वी अल कपोनला इन्कम टॅक्सच्या केसमध्ये अकरा वर्षं मिळाली होती. इतक्या मोठ्या माफियाला प्रत्यक्ष टोळीच्या धंद्यासाठी आत टाकण्याची ही वेगळीच गोष्ट होती.

या पूर्ण खटल्यात युनिस यांनी कोर्टात एकाही साक्षीदाराची तपासणी केली नाही. समोर ड्युई होते. फोटो ड्युईंचे आले.

एक विरोधाभास मात्र तेव्हा कोणी बोलून दाखवला नाही. मानवी तस्करी हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. अमेरिकेत याला श्वेत गुलामगिरी म्हणायचे आणि १९१० च्या कायद्याचं अधिकृत नावही त्यावरूनच होतं. गुलामगिरी गोऱ्या बायकांची झाली की कायदा जागा होतो, असं त्या शब्दातच लिहिलेलं. त्याच कायद्याखाली १९१३ साली जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय बॉक्सिंग चॅम्पियनला दोषी ठरवलं होतं, कारण त्याची मैत्रीण गोरी होती. आणि आता ज्या स्त्रीच्या आजोबांनी खऱ्या गुलामगिरीतून स्वतःला सोडवलं होतं, तीच या केसचा पाया रचत होती.

खटल्यानंतर ड्युई १९३७ मध्ये मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणून निवडून आले. त्यांनी युनिस यांना आपल्या ऑफिसात नेलं आणि स्पेशल सेशन्स या विभागाचं प्रमुख केलं. वर्षाला १४ हजारांच्या आसपास केस त्यांच्या हाताखालून जायच्या, गोरे वकील त्यांना रिपोर्ट करायचे. १९३८ साली स्मिथ कॉलेजने सन्माननीय डॉक्टरेट दिली. मासिकांत फोटो छापून आले. हार्लेममधल्या ४०९ एजकोम्ब अॅव्हेन्यू या इमारतीत, जिथे कृष्णवर्णीय समाजातली बडी मंडळी राहायची, त्यांचं घर होतं.

याची किंमतही होती. मुलगा लहान असताना काही वर्षं बार्बाडोसला नवऱ्याच्या नातेवाइकांकडे ठेवला गेला. आई कामात, घरातही सगळं आलबेल नव्हतं. पुरुष वकिलांच्या चरित्रात मुलांचं काय झालं हे कोणी विचारत नाही, हेही खरंच.

युनिस यांना न्यायाधीश व्हायचं होतं. लायकी होती, पक्षासाठी वर्षानुवर्षं प्रचार केला होता, ड्युई गव्हर्नर झाले होते. १९४४ आणि १९४८ मध्ये ड्युई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हाही युनिस कृष्णवर्णीय मतदारांमध्ये त्यांच्यासाठी फिरल्या. न्यायाधीशपद मिळालं नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिली कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाली ती जेन बोलिन, तिला महापौर ला गार्डिया यांनी नेमलं. युनिस यांचं नाव मागे का राहिलं याची अनेक कारणं सांगितली जातात, पण त्यातलं एक कारण घरातलंच होतं.

धाकटा भाऊ अल्फियस हंटन. इंग्रजीचा प्राध्यापक आणि कम्युनिस्ट. आफ्रिकेतल्या देशांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संघटनेत तो पॉल रोब्सन आणि डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याबरोबर होता. १९५१ साली, कम्युनिस्टविरोधी वातावरण ऐन भरात असताना, जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावं सांगायला त्याने नकार दिला आणि सहा महिने तुरुंगात गेला. म्हणजे बघा, बहिणीने जामिनाच्या पैशांचा माग काढून नाव कमावलं आणि भाऊ जामिनाच्या पैशांचा माग लागू न दिल्याबद्दल आत गेला. दोघांमध्ये दुरावा आला तो मिटला नाही. अल्फियस पुढे अमेरिका सोडून आफ्रिकेत गेला, गिनी, घाना आणि शेवटी झांबिया.

ज्याला पकडण्यासाठी एवढा खटाटोप झाला तो लुचियानो दहाच वर्षांत सुटला. दुसऱ्या महायुद्धात त्याने तुरुंगातून अमेरिकन नौदलाला बंदरांवर मदत केल्याचं कारण देऊन १९४६ मध्ये त्याची शिक्षा कमी करण्यात आली आणि त्याला इटलीला पाठवून दिलं. त्या कागदावर सही कोणाची होती? गव्हर्नर थॉमस ड्युई यांची.

युनिस १९४५ मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडल्या होत्या. खासगी वकिली केली, पण मन जास्त रमलं ते नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेनच्या कामात. या संघटनेच्या वतीने त्या संयुक्त राष्ट्रांत जायच्या आणि जगभरातल्या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करायच्या. याच संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये माणसांच्या व्यापाराविरुद्धचा करार मंजूर केला. त्यावर भारताने न्यूयॉर्कमध्ये ९ मे १९५० ला सही केली आणि आपला १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस स्टेशनात आज पिटा म्हणतात, तो त्याच करारातून आला. या करारात किंवा कायद्यात युनिस यांचा हात होता असं नाही. पण बाईला पकडून सोडत बसण्यापेक्षा तिच्या कमाईवर जगणाऱ्याला शोधा, हे जे त्यांनी विमेन्स कोर्टात ओळखलं होतं, ते तोवर जगातल्या कायद्यांच्या भाषेत यायला लागलं होतं. प्रत्यक्षात मात्र आजही धाड पडली की पहिला फोटो बायकांचाच येतो, तोंडावर ओढणी घेतलेल्या.

लायल कार्टर १९६३ मध्ये गेले. युनिस २५ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कमध्ये गेल्या, सत्तर वर्षांच्या होत्या. त्याच महिन्यात, काहीच दिवस आधी, तिकडे झांबियाची राजधानी लुसाकामध्ये भाऊ अल्फियस गेला होता.

बार्बाडोसला पाठवलेला तो मुलगा, लायल ज्युनियर, मोठा होऊन वकील झाला, जॉन्सन सरकारमध्ये मोठ्या पदावर गेला. त्याचा मुलगा स्टीफन कार्टर येल विद्यापीठात कायदा शिकवतो आणि लीगल थ्रिलर कादंबऱ्या लिहितो. २००२ मधली त्याची ‘द एम्परर ऑफ ओशन पार्क’ चांगलीच गाजली. वकील, न्यायाधीश, घराण्याची गुपितं, सगळं त्यात आहे. आजीवर मात्र त्याने कादंबरी लिहिली नाही. कागदपत्रं, पत्रं, जुने पेपर धुंडाळून २०१८ मध्ये चरित्र लिहिलं आणि नाव दिलं ‘इनव्हिजिबल’, म्हणजे अदृश्य.